एक नाव, अनेक मरणे : ग्रीक महाकाव्यातील समनामी गौण पात्रे

‘इलियड’च्या तेराव्या सर्गात हार्पेलियन नावाचा एक तरुण मरतो. पॅफ्लॅगोनियाचा राजा पायलेमेनीस याचा हा मुलगा. बापाच्या पाठोपाठ ट्रॉयच्या युद्धासाठी आलेला. मेनेलेअसच्या ढालीवर भाल्याचा निष्फळ प्रहार करून तो माघारी वळतो, आणि मेरिओनीसचा बाण मागून, कमरेखाली शिरून त्याच्या मूत्राशयाच्या पार जातो. सोबत्यांच्या हातांत त्याचा प्राण जातो. पॅफ्लॅगोनियाचे सैनिक त्याला रथात घालून शोक करीत नगराकडे नेतात आणि त्यांच्याबरोबर अश्रू ढाळीत त्याचा बाप जातो. मेलेल्या मुलाबद्दल बापाला कसलीही भरपाई मिळाली नाही, एवढे नोंदवून कवी पुढच्या झुंजीकडे वळतो. सारा प्रसंग सतरा ओळींचा. अडचण एकच आहे : हा बाप पाचव्या सर्गात, मेनेलेअसच्याच भाल्याने, मरून पडलेला आहे.

या विसंगतीची चर्चा अलेक्झांड्रियाच्या ग्रंथपंडितांपासून चालत आलेली आहे. प्राचीन टीकांमध्ये तिच्यावर जे उपाय सुचविलेले आढळतात, ते मुख्यतः तीन आहेत. पहिला, बापाच्या अश्रूंच्या ओळी प्रक्षिप्त मानून बाद करण्याचा. दुसरा, ओळीत एक नकारार्थी अव्यय घालण्याचा. म्हणजे बाप त्यांच्याबरोबर गेला नाही असा अर्थ निघतो, आणि तो का गेला नाही हे श्रोत्याला आधीच ठाऊक असते. तिसरा उपाय सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत विलक्षण : पायलेमेनीस नावाचे दोघे होते असे मानण्याचा. एक मेला, दुसरा रडला. या तिसऱ्या उपायात नामसाम्य संहितेत सापडलेले नाही. ते टीकाकाराने संहितेला दिलेले आहे, आणि ते देताना त्याने एका माणसाचीच निर्मिती केलेली आहे. या दुसऱ्या पायलेमेनीसला राज्य नाही, रथ नाही, पराक्रम नाही. पहिल्याच्या मृत्यूला बाध येऊ नये एवढ्यासाठीच तो जन्माला आला आहे.

आधुनिक काळात फ्रीडरिश ऑगुस्ट वोल्फच्या १७९५ मधील ‘प्रोलेगोमेना’नंतर जी विश्लेषणवादी परंपरा सुरू झाली, तिने याच ओळींकडे वेगळ्या नजरेने पाहिले. पाचवा सर्ग आणि तेरावा सर्ग एकाच कवीचे नाहीत याचा तो पुरावा ठरला. म्हणजे दोन पायलेमेनीसांऐवजी दोन कवी आले. पुढे मिल्मन पॅरीचे विसाव्या शतकातील तिसऱ्या-चौथ्या दशकांतले संशोधन आणि अल्बर्ट लॉर्डचा १९६० सालचा ‘द सिंगर ऑफ टेल्स’ हा ग्रंथ यांनी मौखिक रचनेची प्रक्रिया उलगडून दाखविली, तेव्हा असा स्खलनदोष गायकाच्या हातून सादरीकरणाच्या ओघात सहज होतो, असे उत्तर मिळाले. होमरलाही डुलकी लागते, हे होरेसचे जुने मत नव्या शास्त्राच्या आधाराने परत आले असेच म्हणावे लागेल.

या सर्व उपपत्तींच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे. नाव हीच पात्राची प्राथमिक खूण, आणि एका नावाला एकच माणूस किंवा दोन माणसांना दोन वेगळ्या खुणा असावयास हव्यात, असे त्या धरून चालतात. आधुनिक कादंबरीच्या वाचकाला हे गृहीतक इतके स्वाभाविक वाटते की ते तपासून पाहण्याची गरजच भासत नाही. ग्रीक महाकाव्यातील गौण पात्रांच्या जगात मात्र ते टिकत नाही, हे समनामी पात्रांचा पट समोर मांडला की ध्यानात येते.

क्रोमियस या नावापासून प्रारंभ करणे सोयीचे आहे. चौथ्या सर्गात नेस्टरच्या हाताखालील पायलॉसच्या नायकांत एक क्रोमियस आहे. पाचव्या सर्गात डायोमीडीज प्रायमच्या दोन मुलांना एकाच रथातून खाली ओढतो, त्यांतला एक क्रोमियस. त्याच सर्गात पुढे ओडिसिअस लिसियाच्या सात जणांना मारतो, त्यांतही क्रोमियस आहे. आठव्या सर्गात ट्यूसरच्या बाणांनी मेलेल्यांत पुन्हा एक. आणि सतराव्या सर्गात हेक्टर व ईनिअस यांच्यासह अकिलीसचे घोडे पळवायला निघालेला जो क्रोमियस, तो तर जिवंत परततो. यांना पाच माणसे म्हणावे हे कोशकारांचे उत्तर आहे आणि त्यात चूक काही नाही. परंतु चौथ्या आणि पाचव्या सर्गांतील उल्लेख शेजारी ठेवून पाहिले तर निराळेच काही दिसते. दोन्ही ठिकाणी क्रोमियसच्या आधी ॲलास्टर हे नाव आहे. दोन्ही ठिकाणी ही जोडी ओळीच्या उत्तरार्धात, वृत्ताच्या त्याच जागी, त्याच उभयान्वयी अव्ययांनी बांधलेली आहे. एका ठिकाणी ती ग्रीकांच्या बाजूची आहे, दुसऱ्या ठिकाणी ट्रॉयच्या. तेव्हा गायकाच्या स्मृतीत आधी दोन माणसे होती आणि मग त्यांची नावे आली असे नव्हे. आधी नावांची एक वृत्तसिद्ध जोडी होती, तिला सोयीप्रमाणे सैन्य मिळाले आणि सोयीप्रमाणे मरण मिळाले. पॅरीने विशेषण-नामांच्या बांधणीविषयी जे दाखविले ते येथे विशेषनामांच्या जोडीलाही लागू पडते.

सोळाव्या सर्गात, मरणापूर्वी थोडा वेळ आधी, पॅट्रोक्लस नऊ जणांना मारतो. कवी त्यांची नुसती नावे सांगतो. केवळ एकाला पितृनाम मिळते. या नवांपैकी किमान सहा नावे ‘इलियड’मध्येच अन्यत्र आढळतात. ऑटोनोअस हे नाव अकराव्या सर्गात हेक्टरने मारलेल्या एका ग्रीकाचे आहे. मूलिअस आणि एकेक्लस ही दोन नावे विसाव्या सर्गात अकिलीसच्या बळींच्या यादीत पुन्हा एकमेकांलगत येतात. पॅट्रोक्लसने मारलेली माणसे त्याचा मित्र पुन्हा एकदा मारतो असा आभास तेथे निर्माण होतो. तो हेतुतः निर्माण केलेला आहे की नाही हे सांगता येणार नाही, आणि मौखिक काव्याच्या बाबतीत हा प्रश्न फारसा फलदायीही नाही. यादीतले शेवटचे नाव पायलार्टीस. हे नाव अकराव्या सर्गात एजॅक्सने जखमी केलेल्या एकाचेही आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘पायलार्टीस’, दार घट्ट लावून घेणारा, हे ‘इलियड’मध्ये मृत्युलोकाच्या स्वामीचे, हेडीसचे विशेषण आहे. नऊ माणसांच्या मागे दार लागते. नाव येथे अर्थशून्य नाही. त्याला अर्थ आहे, पण तो ज्याचे नाव आहे त्याच्याविषयी काहीही सांगत नाही.

ॲड्रास्टसच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. ‘जो पळत नाही’ किंवा ‘ज्याच्यापासून पळता येत नाही’ अशी या नावाची फोड केली जाते. सहाव्या सर्गात या नावाचा एक ट्रोजन योद्धा मेनेलेअसच्या हाती जिवंत सापडतो. कारण त्याचे घोडे भडकून झाऊच्या झुडपात अडखळले, रथाचा दांडा मोडला आणि तो धुळीत उपडा पडला. पळण्याच्या प्रयत्नात सापडलेल्या माणसाला हे नाव मिळावे यातला उपरोध जाणत्या श्रोत्याला कळला असणार. तो मेनेलेअसचे गुडघे धरून खंडणीचे आमिष दाखवतो. मेनेलेअसचे मन द्रवते. तेवढ्यात ॲगमेम्नॉन येऊन, आईच्या पोटातले मूलदेखील वाचता कामा नये असे बजावतो आणि स्वतःच त्याच्या कुशीत भाला खुपसतो. दुसरा ॲड्रास्टस पॅट्रोक्लसच्या त्या नऊ जणांत पहिला आहे. त्याच्याविषयी नावापलीकडे एक अक्षर नाही. तिसरा सिसिऑनचा प्राचीन राजा, ज्याचा दुसऱ्या सर्गात ओझरता उल्लेख येतो. आणि चौथा पर्कोटीच्या मेरोप्सचा मुलगा.

या चौथ्याजवळ थांबणे आवश्यक आहे. दुसऱ्या सर्गातील सैन्यगणनेत ॲड्रास्टस आणि ॲम्फियस या दोन भावांची नावे येतात. त्यांचा बाप मेरोप्स भविष्य जाणणारा होता; युद्धाला जाऊ नका असे त्याने मुलांना सांगितले, त्यांनी ऐकले नाही, मृत्यूच त्यांना ओढून नेत होता. अकराव्या सर्गात डायोमीडीज या दोघांना मारतो. तेथे बापाची सर्व हकीकत पुन्हा जवळपास त्याच शब्दांत येते, पण मुलांची नावे येत नाहीत. ‘मेरोप्सचे दोन मुलगे’ एवढेच कवी म्हणतो. नाव त्यांना गणनेच्या यादीत मिळाले, मरताना मात्र ते कोणाचे कोण एवढेच उरले. आणि श्रोत्याला चुटपुट लागते ती या मरणाची. पॅट्रोक्लसच्या यादीतील ॲड्रास्टसची लागत नाही, जरी त्याचे नाव घेतलेले आहे आणि यांचे घेतलेले नाही.

या दोन प्रसंगांतील अंतर हेच या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे. होमरच्या काव्यात गौण पात्राला व्यक्तित्व येते ते नावाने नव्हे, नात्याने. बाप, आई, सासर, नुकतेच बांधलेले घर, न भोगलेले पत्नीसुख, आतिथ्याचा संबंध अशा एखाद्या तंतूने जो बांधलेला असतो तो ‘कोणी’ होतो. ज्याला असा तंतू नाही त्याच्याजवळ फक्त नाव असते आणि ते नाव पुढच्या सर्गात दुसऱ्याला द्यायला मोकळे असते. नामसाम्य हे नात्यांच्या अभावाचे लक्षण आहे. रोलां बार्थने ‘एस/झेड’मध्ये (१९७०) विशेषनामाला अर्थघटकांचे आकर्षणकेंद्र मानले होते, एकच घटकसमूह वारंवार एका नावाभोवती जमला की पात्र सिद्ध होते, असा त्याचा आशय. बाल्झाकच्या कथेला ते लागू पडते. महाकाव्यातल्या क्रोमियसभोवती मात्र काहीच जमत नाही, आणि मेरोप्सच्या मुलांभोवती जे जमते ते नावावाचून जमते. ॲलेक्स वोलॉकच्या ‘द वन व्हर्सेस द मेनी’ (२००३) या कादंबरीविषयक ग्रंथाचा आरंभही ‘इलियड’पासूनच होतो, नायकाला मिळणारी जागा गौण पात्रांच्या जागेतून कापून घेतलेली असते, ही त्याची मांडणी येथे उपयुक्त आहे. मात्र जागा म्हणजे ओळींची संख्या असे समजले तर फसगत होते. हार्पेलियनला सतरा ओळी मिळतात त्या त्याच्या पराक्रमामुळे नाहीत.

मौखिक परंपरेच्या बाहेरचा एक पुरावाही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये ‘लिनिअर बी’ लिपीचा उलगडा केल्यानंतर नॉसॉस आणि पायलॉस येथील मृत्पट्टिकांवरील नोंदी वाचता आल्या. त्यांत अकिलीस हे नाव आहे, हेक्टर हेही आहे. पायलॉसचा हेक्टर हा ‘देवाचा सेवक’ या वर्गातला, जमिनीच्या नोंदीत आलेला माणूस. म्हणजे महाकाव्यातील सर्वांत भारदस्त नावेदेखील कांस्ययुगीन राजवाड्यांच्या हिशेबात साध्यासुध्या माणसांची नावे होती. हेक्टर हा एकच असावा असा दंडक भाषेने घातलेला नव्हता. ॲन्ड्रोमकी, ॲस्टियानॅक्स आणि प्रायम यांनी त्याला एकमेव केले.

भारतीय महाकाव्याचा येथे सहज आठव होतो, तो साम्यापेक्षा भेदासाठी. ‘महाभारता’त शंतनूचा मुलगा चित्रांगद हा त्याच नावाच्या गंधर्वाकडून मारला जातो, दोन चित्रांगद एका भूमीवर मावत नाहीत. तेथे नाव ही मालमत्ता आहे आणि तिच्यावरून युद्ध होते. ‘इलियड’मध्ये नामसाम्य हे कोणाच्या मृत्यूचे कारण होत नाही, समनामी माणसे एकमेकांची दखलही घेत नाहीत. द्रोणवधाचा प्रसंग त्याहून बोलका आहे. अश्वत्थामा मारला गेला हे वाक्य हत्तीच्या बाबतीत खरे असते. त्याला असत्याची धार येते ती ऐकणारा बाप असल्यामुळे. नाव नात्यापासून सोडवून घेतले की त्याचे शस्त्र करता येते, हे व्यासांच्या परंपरेला पुरते ठाऊक होते.

दोन एजॅक्सांची कथा याच्या उलट दिशेने जाते. सालामिसचा धिप्पाड एजॅक्स टेलामॉनचा मुलगा. लोक्रिसचा चपळ एजॅक्स ओइलिअसचा. दोघे शेजारी उभे राहून लढतात आणि मूळ ग्रीकमध्ये त्यांचा उल्लेख पुष्कळदा द्विवचनी रूपाने होतो. याकोब वाकरनागेलने १८७७ साली या द्विवचनाविषयी असे दाखविले की त्याचा मूळ अर्थ ‘दोन एजॅक्स’ असा नसून ‘एजॅक्स आणि त्याचा भाऊ’, म्हणजे एजॅक्स व ट्यूसर, असा असला पाहिजे. संस्कृतच्या अभ्यासकाला हे नवे वाटणार नाही; ‘पितरौ’ म्हणजे दोन बाप नव्हेत, आणि ऋग्वेदात मित्राचे द्विवचन वरुणालाही पोटात घेते. ग्रीकमध्ये हा एकशेषाचा प्रकार विस्मृतीत गेला आणि रूप तेवढे राहिले. मग त्या रूपाला अर्थ देण्यासाठी दुसरा एजॅक्स भावाच्या जागी येऊन उभा राहिला. भावाचे नाते भाषेतून निसटले तेव्हा त्याची भरपाई नाव दुप्पट करून झाली. वाकरनागेलची उपपत्ती सर्वांनी जशीच्या तशी स्वीकारलेली नाही, पण ज्या ठिकाणी संदर्भातून दुसरा एजॅक्स नव्हे तर ट्यूसरच अभिप्रेत दिसतो, त्या ठिकाणी तिच्यावाचून गत्यंतर नाही.

महाकाव्याकडून शोकनाट्याकडे आणि वंशावळींकडे वळले की नामसाम्याचे आणखी एक रूप दिसते. थीब्जचा क्रिऑन आणि कॉरिंथचा क्रिऑन हे कोणी एकमेकांचे नव्हेत. क्रिऑन या शब्दाचा अर्थच सत्ताधारी असा आहे. त्याचे स्त्रीरूप क्रेऊसा. इऑनची आई क्रेऊसा, ईनिअसची पहिली पत्नी क्रेऊसा, आणि जेसनची जी कॉरिंथकर वधू मीडियाच्या विषारी वस्त्राने जळाली, तिचेही एका परंपरेत नाव क्रेऊसाच. दुसऱ्या परंपरेत ती ग्लॉकी आहे. कथेला एक राजा हवा, एक राजकन्या हवी. नाव त्या जागेचेच आहे. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या नवव्या प्रकरणात म्हटले आहे की सुखात्मिकेचे कवी आधी संविधानक रचतात आणि मग हवी ती नावे घालतात, तर शोकनाट्य परंपरागत नावांना धरून राहते. पण परंपरागत नावांतही पुष्कळशी नावे अशी मागाहून घातलेली आहेत, हे त्याच्या वर्गीकरणात बसत नाही. युरिडिसीचे उदाहरण पाहावे. नेस्टरच्या पत्नीचे हे नाव, डॅनाअसच्या पन्नास मुलींपैकी एकीचे, ॲक्रिसिअसच्या राणीचे, आणि ‘ॲन्टिगनी’मध्ये एकदाच बोलून, मुलाच्या मरणाची वार्ता ऐकताच निःशब्द आत जाणाऱ्या क्रिऑनच्या पत्नीचेही. राणीला शोभणारे हे नाव आहे. ऑर्फिअसच्या पत्नीला ते उशिरा मिळाले. युरिपिडीज आणि प्लेटो तिचा निर्देश नावावाचून करतात आणि हेर्मेसिआनॅक्स तिला वेगळ्याच नावाने ओळखतो. नावाआधी शतकानुशतके ती ‘ऑर्फिअसची बायको’ होती, आणि कथेचे त्यावाचून काहीच अडले नव्हते.

नाते नावाहून बलवत्तर असते याचा सर्वांत ठळक पुरावा मात्र जेथे एकाच व्यक्तीचे दोन तुकडे केले गेले तेथे मिळतो. प्लुटार्कने थीसिअसच्या चरित्रात नॅक्सॉस बेटावरच्या लोकांचे म्हणणे नोंदविले आहे. त्यांच्या मते माइनॉस दोन होते आणि ॲरिॲड्नीही दोन. एक डायोनायससची पत्नी झाली. दुसरी, पुढच्या काळातली, थीसिअसने पळवून आणली आणि टाकून दिली, ती दाईसह नॅक्सॉसला आली आणि तेथेच मेली. दोघींचे उत्सवही वेगळे : एकीचा आनंदाने, खेळीमेळीने साजरा होणारा, दुसरीचा शोकमिश्रित. टाकलेली स्त्री आणि देवाने वरलेली स्त्री ही एकाच कथेची दोन टोके असू शकतात हे इतरत्र सर्वांनी मान्य केले होते. नॅक्सॉसच्या लोकांना मात्र आपला शोक डायोनायससच्या लग्नात विरघळू द्यायचा नव्हता. हिरॉडोटसने टायर आणि थॅसॉस येथील देवालये पाहून दोन हेराक्लीसांची पूजा करणाऱ्या ग्रीकांना दुजोरा दिला तो अशाच भूमिकेवरून. एकाला देव म्हणून बळी, दुसऱ्याला मृत वीर म्हणून तर्पण. आचार दोन, म्हणून माणसे दोन. सिसेरोच्या ‘देवांच्या स्वरूपाविषयी’ या संवादाच्या तिसऱ्या भागात कोटा जेव्हा तीन ज्युपिटर, पाच मर्क्युरी, पाच मिनर्व्हा अशी मोजणी करतो, तेव्हा त्यामागे आचार नसतो, केवळ खंडनाचा आनंद असतो, आणि म्हणून ती गणती कोरडी वाटते.

कोशकारांची क्रमांकपद्धती सिसेरोच्या कोटाची वारसदार आहे. नामसाम्याचा व्यवस्थित अभ्यास प्राचीन काळीच सुरू झाला होता. मॅग्नेशियाच्या डिमीट्रिअसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात समनामी कवी व लेखकांवर ग्रंथ लिहिला होता आणि डायोजिनीस लेअर्शिअसने तत्त्वज्ञांच्या चरित्रांत त्याचा उपयोग केला. त्यांची माणसे खरोखर होऊन गेली होती. ग्रंथ कोणाचा हे ठरवायचे तर वेगळेपणा सांगणे भागच होते. विल्यम स्मिथचा १८४९ साली पूर्ण झालेला कोश आणि रोशरचा १८८४ ते १९३७ या काळात निघालेला अवाढव्य पुराणकोश यांनी तीच पद्धत काल्पनिक पात्रांना लावली. एक, दोन, तीन, चार असे आकडे लागताच प्रत्येक मेलानिप्पस स्वतंत्र इसम झाला. यात सोय आहे, आणि या कोशांचे ऋण मान्य केल्यावाचून या क्षेत्रात कोणालाही पाऊल टाकता येत नाही. परंतु ट्यूसरने मारलेला मेलानिप्पस आणि अँटिलोकसने मारलेला मेलानिप्पस यांना सारख्याच टंकात, सारख्याच आकड्यांनी उभे केल्यावर एक गोष्ट झाकली जाते. दुसरा हिकेटेऑनचा मुलगा आहे. युद्धापूर्वी तो पर्कोटीला गुरे राखीत असे, पुढे प्रायमने त्याला घरच्या मुलांसारखे वागविले. पहिला आठ नावांच्या यादीतले आठवे नाव आहे. ‘कॅटेगरीज’च्या पहिल्याच वाक्यांत ॲरिस्टॉटल समनामिकतेची व्याख्या करतो, नाव एक आणि स्वरूपाचे लक्षण भिन्न, आणि उदाहरण देतो ते जिवंत माणसाचे व त्याच्या चित्राचे. दोन मेलानिप्पसांतला भेद या जातीचा आहे. कोशातले आकडे दोन माणसे दाखवतात. काव्यात एक माणूस आहे आणि एक आकृती आहे.

लेखी महाकाव्याच्या काळात हीच नावे पुन्हा उसनी घेतली गेली तेव्हा त्यांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. ओडिसिअसने मारलेल्या त्या सात लिसियनांपैकी शेवटचे चौघे, म्हणजे प्रिटानिस, नोएमॉन, हेलिअस आणि अल्कॅन्डर, हे व्हर्जिलच्या ‘ईनिड’मध्ये नवव्या सर्गात पुन्हा अवतरतात, तेही होमरच्याच क्रमाने एकाच ओळीत, आता ते ईनिअसच्या छावणीतले ट्रोजन आहेत आणि त्यांना टर्नस मारतो. ओव्हिडने ‘मेटॅमॉर्फसिस’च्या तेराव्या सर्गात अकिलीसच्या शस्त्रांसाठी भांडणाऱ्या ओडिसिअसच्या तोंडी ती सातही नावे घातली, व्हर्जिलची ओळ तशीच ठेवून. लिसियाच्या किनाऱ्यावरून आलेले हे सैनिक इटलीत दुसऱ्यांदा मरतात आणि वकिली भाषणात तिसऱ्यांदा. येथे नामसाम्य हे स्मृतीची सोय राहिलेले नाही, ते हेतुपूर्वक केलेले अवतरण आहे. ज्याने होमर वाचला आहे त्याच्यासाठी. मॅक्रोबियसने ‘सॅटर्नेलिया’त व्हर्जिलला या बाबतीत दोष दिला, तो मात्र वेगळ्या कारणासाठी : नवव्या सर्गात मेलेला कोरिनीअस बाराव्यात उठून दुसऱ्याला मारतो. होमर समनामी एजॅक्सांना बापाच्या नावाने वेगळे ठेवतो, व्हर्जिल वाचकाला संभ्रमात टाकतो, अशी त्याची तक्रार आहे. पायलेमेनीसचा प्रश्न त्याला त्या वेळी आठवला नाही.

तो प्रश्न आता निराळ्या रीतीने मांडता येतो. तेराव्या सर्गातील त्या सतरा ओळींना पायलेमेनीस नावाच्या राजाची गरज नाही. हार्पेलियनची ओळख करून देताना ते नाव एकदा आले, तेवढे त्याचे काम होते. प्रेताबरोबर चालायला हवा आहे तो बाप. ‘इलियड’मध्ये तरुण मुलाच्या मरणाशी म्हाताऱ्या बापाचे दुःख इतक्या घट्टपणे बांधलेले आहे की एक आले की दुसरे येणारच, हेक्टर आणि प्रायम हे त्याचे शेवटचे आणि पूर्ण रूप. पाचव्या सर्गात पायलेमेनीस मेला तो पॅफ्लॅगोनियाचा सेनापती म्हणून, दोन-चार ओळींत, त्याचा सारथी मायडॉन याच्या भयानक मरणाच्या आधीचा एक टप्पा म्हणून. मायडॉन हे नावही, योगायोगाने, एकविसाव्या सर्गात अकिलीसच्या बळींत पुन्हा येते. त्यावर कोणी वाद घालीत नाही, कारण तेथे कोणाचा कोणीही रडत नाही. विसंगती जाणवते ती फक्त जेथे नाते आहे तेथे.

म्हणून प्राचीनांच्या तीन उपायांचे मोल सारखे नाही. प्रक्षेप मानणारा टीकाकार अश्रू पुसून टाकतो. नकार घालणारा अधिक चतुर आहे. त्याने एक करुण वळण मिळविले, पण त्यासाठी प्रेतयात्रा एकाकी केली. दुसरा पायलेमेनीस कल्पिणाऱ्याने अश्रू राखले, मात्र ते अशा माणसाच्या डोळ्यांत ठेवले ज्याचा कोणी मुलगा असल्याचे काव्यात अन्यत्र कोठेही सांगितलेले नाही. त्याला बहुधा याची कल्पना होती. हस्तलिखितांची मुख्य परंपरा या तिघांपैकी कोणाच्याही मागे गेली नाही. आजच्या मुद्रित संहितांत ती ओळ नकाराविना, कंसाविना उभी आहे, आणि तिच्यात बापाचे नाव नाही.